पहिले पारंपरिक रिकर्व्ह धनुष्य: ड्रॉ लेंग्थ कशी मोजावी आणि त्यावरून धनुष्य कसे ठरवावे?

कर्वेनगरी

नमस्कार मंडळी.

वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी धनुष्यबाणाचा नाद लागला आहे आणि तो आता सुटेल असे वाटत नाही, म्हणून रीतसर सल्ला मागण्यासाठी हा धागा काढतो आहे. गेले तीन महिने दर रविवारी सकाळी मुळशीच्या बाजूला एका मित्राच्या शेतावर, मागे मातीचा उंच बांध असलेल्या जागी, त्याच्या जुन्या रिकर्व्ह, म्हणजे टोके उलटी वाकलेल्या, धनुष्याने बाण मारतो. धनुष्य ६२ इंचांचे, तीन भागांत सुटणारे आणि लाकडी मुठीचे आहे. खालच्या लिम्बवर, म्हणजे मुठीखालच्या वाकणाऱ्या भुजेवर, ४० पाउंड असे छापलेले आहे. त्याला नेम धरायची साइट, तोल राखणारा स्टॅबिलायझर, ओढ पूर्ण होताच वाजणारा क्लिकर यांपैकी काहीही नाही, आणि मलाही तसेच साधे धनुष्य हवे आहे.

शहरातल्या एका दुकानात चौकशी केली तेव्हा माझ्याकडे वरपासून खालपर्यंत एकदा पाहून, "पुरुष माणसाला चाळीसच्या खाली घेऊन चालत नाही, वर्षभरात कंटाळाल," असे सांगण्यात आले. माझी ड्रॉ लेंग्थ, म्हणजे दोरी किती लांब ओढली जाते ते माप, किती हे त्यांनी विचारले नाही, आणि विचारले असते तरी मला सांगता आले नसते.

घरी येऊन हातांचा विस्तार मोजला. भिंतीला पाठ लावून, हात खांद्यांच्या रेषेत पसरून उभा राहिलो आणि मुलीने शिवणकामाच्या टेपने एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत माप घेतले. ते १७१ सेंटिमीटर भरले. या मापाला अडीचने भागावे असे वाचले होते, त्याप्रमाणे ६८.४ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ २७ इंच येतात. मित्राच्या धनुष्यावर मात्र त्याने बाजूला उभे राहून पाहिले तर माझी ओढ जेमतेम २५ इंच भरते. दोन इंचांचा हा फरक कुठून येतो, यातला कोणता आकडा खरा मानायचा, आणि त्यावरून धनुष्याची लांबी व पाउंडेज, म्हणजे ओढायचे वजन, कसे ठरवायचे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

शरसंधान

कर्वेनगरी, आपण प्रश्न योग्य क्रमाने विचारला आहे याचा आनंद वाटला, कारण बहुतेक जण पाउंडेजपासून सुरुवात करतात आणि ड्रॉ लेंग्थपर्यंत पोहोचेपर्यंत त्यांचा खांदा दुखू लागलेला असतो.

आपले दोन्ही आकडे खरे नाहीत. अडीचने भागून येतो तो निव्वळ अंदाज असतो; मान किती लांब, जबडा कसा, धनुष्य धरलेला हात कोपरात किती सैल ठेवता, दोरी चेहऱ्याच्या कोणत्या जागी आणता, यांपैकी कशाचाही त्या गणितात विचार नाही. पारंपरिक पद्धतीत दोरी ओठांच्या कोपऱ्याशी आणली जाते आणि पुढचा हातही बऱ्याचदा किंचित वाकलेला राहतो. त्यामुळे हनुवटीखाली हात नेणाऱ्या ऑलिंपिक पद्धतीच्या धनुर्धरापेक्षा त्याच माणसाची ओढ इंचभर किंवा थोडी अधिकही कमी भरू शकते.

आपले २५ इंच हे त्याहून फसवे आहेत, कारण ती आपली ओढ नसून चाळीस पाउंडांच्या धनुष्याने आपल्याला जिथवर येऊ दिले ते अंतर आहे. जड धनुष्य हाती आले की माणूस नकळत डोके पुढे काढतो, पुढचा खांदा वर उचलतो आणि दोरी चेहऱ्यापर्यंत आणण्याऐवजी चेहराच दोरीकडे नेतो. मित्राला पुढच्या रविवारी आपल्या बाजूने एक छायाचित्र काढायला सांगा. आपली हनुवटी पुढे आलेली दिसेल, असे मी न पाहताच सांगतो.

आता मापाची व्याख्या नीट पाहू, कारण येथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. पूर्ण ओढलेल्या स्थितीत बाणाचा नॉक, म्हणजे मागची खाच, दोरीवर जिथे बसतो तिथपासून मुठीच्या सर्वांत खोल बिंदूच्या सरळ वर येणाऱ्या रेषेपर्यंतचे अंतर मोजायचे आणि त्यात पावणेदोन इंच मिळवायचे. ती झाली प्रमाणित ड्रॉ लेंग्थ. मुठीची जाडी साधारण तेवढीच असल्यामुळे व्यवहारात बाण रायझरच्या, म्हणजे मूठ असलेल्या ताठ मधल्या भागाच्या, पुढच्या कडेशी जिथे येतो तिथे खूण केली तरी माप फारसे चुकत नाही. लिम्बवर छापलेले वजन याच मापाने २८ इंचांवरचे असते. म्हणजे "४० पाउंड" याचा अर्थ "हे धनुष्य २८ इंच ओढले तर बोटांवर ४० पाउंड येतील" एवढाच आहे. त्याच्या अलीकडे वा पलीकडे दर इंचाला दोन ते तीन पाउंडांचा फरक पडतो. आपण २५ इंचांवर थांबत असाल, तर आपल्या बोटांवर सध्या सुमारे ३२ ते ३३ पाउंडच येत आहेत आणि तेवढ्यानेही आपली ओढ आखडते आहे.

मोजण्यासाठी पंधरा-वीस पाउंडांचे, शिकवणीत वापरतात तसले धनुष्य कोणाकडून तरी मागून घ्या. न कापलेला, ३१-३२ इंचांचा एक बाण घ्या आणि नॉकच्या खाचेपासून मोजून २४ इंचांपासून पुढे दर पाव इंचाला बारीक खुणा करा. निशाणाच्या गादीसमोर पाच पावलांवर उभे राहून, डोळे मिटूनसुद्धा तीच जागा सापडेल इतका अँकर, म्हणजे ओढणारा हात चेहऱ्याला टेकण्याची जागा, पक्का होईपर्यंत ओढा, आणि दुसऱ्या माणसाला रायझरच्या पुढच्या कडेवरची खूण वाचू द्या. आपण स्वतः खुणांकडे पाहू नका. पाहिले की मान वळते आणि माप बदलते. प्रत्येक वेळी बाण लावलेलाच असावा, आणि सोडायचा नसेल तर दोरी हळूहळू परत न्यावी, कारण बाणाशिवाय सुटलेली दोरी आपली सगळी ताकद लिम्बमध्येच उतरवते आणि त्याने लिम्ब चिरू शकतो.

हे एकदा करून भागणार नाही. तीन-चार रविवार करा. पाठीचे स्नायू कामाला लागले की ओढ पहिल्या काही महिन्यांत अर्धा-पाऊण इंच वाढते, असा माझा स्वतःचा आणि मी शिकवलेल्या बऱ्याच जणांचा अनुभव आहे.

सहा_फुटी

माझे उदाहरण अगदी उलट टोकाचे आहे, म्हणून लिहितो. माझा विस्तार १९० सेंटिमीटर आहे, म्हणजे गणिताने ओढ जवळजवळ ३० इंच, आणि प्रत्यक्षातही साडेएकोणतीस भरते. मला हे काहीही ठाऊक नसताना, दिसायला देखणे म्हणून, मी ५८ इंचांचे ४५ पाउंडांचे एकसंध धनुष्य घेतले. ते घरी आले त्या दिवशी मी ते भिंतीवर टांगून अर्धा तास नुसते पाहत बसलो होतो, हेही प्रांजळपणे सांगतो.

धनुष्य आखूड आणि ओढ लांब असली की पूर्ण ओढीत दोरीचा बोटांपाशी होणारा कोन फार टोकदार होतो. मधल्या बोटाच्या वर तर्जनी आणि खाली अनामिका, ही दोन्ही बोटे दोरी आतल्या बाजूस चिमटते, आणि तीस-चाळीस बाणांनंतर अनामिकेच्या पहिल्या पेराशी कातडे सोलवटू लागते. जाड कातड्याचा फिंगर टॅब वापरूनही ते थांबले नाही. त्याहून वाईट म्हणजे शेवटचा इंच ओढताना धनुष्य भिंतीसारखे ताठर होत असे, त्यामुळे मी रोज वेगळ्या ठिकाणी थांबत होतो आणि बाण कधी वर तर कधी खाली जात होते. मी तो दोष माझ्या नजरेला देत होतो.

आता ६६ इंचांचे आहे, मुद्रित वजन ३० पाउंड. माझ्या ओढीला त्याचे साधारण ३४ होतात. तेच अंतर, तीच बोटे, पण चिमटा नाही.

निवृत्त_अभियंता

सहा_फुटी यांनी शेवटच्या इंचाविषयी जे लिहिले आहे ते मोजून दाखवता येते. तापकीर गल्लीतून घेतलेला सामान मोजण्याचा टांगता डिजिटल काटा माझ्याकडे आहे. धनुष्याची मूठ एका भक्कम लाकडी खुंटीवर बसवून, काट्याचा आकडा दोरीच्या मध्यभागी अडकवून आणि मागे एक इंचपट्टी ठोकून मी माझ्या ६२ इंची, ३० पाउंड छापलेल्या धनुष्याची वजने घेतली. २६ इंचांवर ११.५ किलो, २७ वर १२.६, २८ वर १३.७, २९ वर १४.९ आणि ३० वर १६.४ किलो अशी ती आली. एक किलो म्हणजे २.२ पाउंड, हे ध्यानात घेतले की २८ इंचांवरचे वजन छापील आकड्याशी बरोबर जुळते.

पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे वाढ. २६ पासून २८ पर्यंत दर इंचाला १.१ किलो एवढीच वाढ आहे. २९ ला ती १.२ होते आणि ३० ला एकदम दीड किलो. या चढाला धनुर्धर स्टॅकिंग म्हणतात. कारण साधे आहे: रिकर्व्हच्या टोकांचा उलटा बाक सरळ होत जातो तोवर लिम्ब आपल्याला जणू लांब तरफ देत असतो; तो बाक उलगडून संपला आणि दोरी व लिम्बचे टोक यांच्यातला कोन काटकोनाच्या पलीकडे जाऊ लागला, की पुढची ओढ लिम्बला वाकवण्याऐवजी त्याच्या लांबीच्या दिशेने ताणू लागते. लांब धनुष्यात ही अवस्था उशिरा येते. त्यामुळे "६२ इंच चांगले की ६६?" या प्रश्नाला ओढ सांगितल्याशिवाय उत्तरच नाही. माझी स्वतःची ओढ २७ आहे, म्हणून ६२ मध्ये मला स्टॅकिंग भेटतच नाही.

कोणी हा प्रयोग करणार असेल तर धनुष्य दोरखंडाने खुंटीला बांधून घ्यावे आणि चेहरा दोरीच्या रेषेत आणू नये.

नवखा_हडपसर

मध्येच एक शंका विचारतो. २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याच्या अदिती स्वामी आणि नागपूरचे ओजस देवतळे यांनी वैयक्तिक सुवर्णपदके मिळवली, तेव्हापासून मलाही शिकायचे आहे. त्यांच्या धनुष्यांना ड्रॉ लेंग्थ बसवून घ्यावी लागते असे ऐकले. ते याहून वेगळे असते का?

शरसंधान

होय, ते दोघेही कंपाउंडचे धनुर्धर आहेत. कंपाउंडमध्ये कॅम नावाची चाके असतात आणि ओढीची लांबी त्या चाकांतच बसवलेली असते. ठरलेल्या जागी धनुष्य थांबते आणि तिथे धरून ठेवायचे वजनही मोठ्या प्रमाणात उतरते. आपल्या मुंढवा रस्त्यावरच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये सराव करणारे ऑलिंपिक रिकर्व्हचे खेळाडू पाहिलेत तर तेथे क्लिकर असतो, म्हणजे बाणाचे टोक त्या पट्टीखालून सुटले की "टक्" असा आवाज होतो आणि ओढ मिलिमीटरपर्यंत तीच राहते. पारंपरिक रिकर्व्हमध्ये यातले काहीच नाही. ओढ कुठे संपते हे फक्त आपल्या चेहऱ्याला आणि पाठीला ठाऊक असते, म्हणून या प्रकारात ड्रॉ लेंग्थविषयी इतका काथ्याकूट करावा लागतो.

आपल्याला कंपाउंड शिकायचे असेल तर कृपया स्वतंत्र धागा काढावा.

औंधवासी

सगळी चर्चा २७ आणि ३० इंचवाल्यांची चालली आहे, म्हणून आखूड ओढीच्या बाजूनेही कोणीतरी लिहायला हवे. माझा विस्तार १५५ सेंटिमीटर आहे आणि ओढ साडेचोवीस इंच. मला दुकानात आधी मुलांचे ५४ इंची धनुष्य दाखवले. ते वजनाला हलके होते खरे, पण त्याच्या कागदावर कमाल ओढ २४ इंच अशी स्पष्ट लिहिलेली होती, आणि कमाल ओढीच्या पुढे नेहमी ओढत राहणे म्हणजे लिम्बचे आयुष्य आपल्या हाताने कमी करणे. मी ते नाकारले तेव्हा विक्रेत्याने मोठ्यांचे ६२ इंची, ३० पाउंडांचे दिले.

ते वाईट नव्हते, पण साडेचोवीस इंचांवर माझ्या हाती त्याचे २२ पाउंडच येत होते. खरी अडचण बाणांनी केली. "तीस पाउंडांना ५०० स्पाइन चालेल," असे म्हणून त्यांनी मला ५०० स्पाइनचे बाण, तेही २६ इंचांना कापून दिले. स्पाइनचा आकडा म्हणजे २८ इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर बाण ठेवून मध्ये १.९४ पाउंडांचे वजन टांगल्यावर तो इंचाच्या किती हजारांश झुकतो याचे माप, म्हणून आकडा जितका लहान तितका बाण ताठ. बाण आखूड केला की तो आणखी ताठ वागतो. बावीस पाउंडांच्या धनुष्याला असा बाण म्हणजे सळईच. मी उजव्या हाताने ओढते, आणि ताठ बाण उजव्या हाताच्या धनुर्धराला डावीकडे जातात. माझे बाण पाच महिने डावीकडेच जात राहिले आणि मी पाच महिने आपली सोडण्याची पद्धत सुधारत बसले. शेवटी एका जाणत्या बाईंनी त्यांचे ९०० स्पाइनचे लांब बाण हातात दिले. तिसरा बाण मध्यभागी होता. मला आधी रडू आले आणि मग राग.

म्हणून माझी विनंती एवढीच की ड्रॉ लेंग्थ ठरल्याशिवाय धनुष्य घेऊ नका आणि धनुष्यावर हातातले खरे वजन ठरल्याशिवाय बाण घेऊ नका. पहिले सहा बाण तर मुळीच कापून घेऊ नका. लांब बाण कापता येतो. आखूड बाण वाढत नाही, आणि ओढ वाढल्यावर तो मुठीच्या मागे, हातावर येऊन पडण्याचा धोकाही असतो.

आता मी ५८ इंचांचे, छापील ३५ पाउंडांचे वापरते. एरवी ज्याला आखूड म्हणतात ते माझ्या ओढीला पुरेसे लांब आहे, आणि त्याचे लिम्ब माझ्या हातीसुद्धा पुरते वाकतात, म्हणून बाणाला वेगही बरा मिळतो.

भोरकर

एक वेगळी सूचना. पहिल्या वर्षासाठी बांबूचे धनुष्य का घेऊ नये? आपल्याकडे राष्ट्रीय स्पर्धांत इंडियन राउंड हा प्रकार त्याच धनुष्यांवर होतो, ३० आणि ५० मीटरवर. किंमत पुष्कळ कमी असते आणि मोडले तरी जीव हळहळत नाही. मी स्वतः बुरूड आळीतून चिवा आणून एकदा करून पाहिले होते. त्याला धनुष्य म्हणणे हा धनुष्याचा अपमान होता, तरी दोन दिवस बाण गेले.

शरसंधान

भोरकर, शिकण्यासाठी बांबू उत्तम आहे आणि इंडियन राउंडमधून पुढे आलेली मुले मी पाहिली आहेत. मात्र कर्वेनगरी यांना रिकर्व्ह घ्यायचे आहे, आणि बांबूच्या सरळ धनुष्यावर पडलेली ओढीची सवय रिकर्व्हवर तशीच्या तशी येत नाही. मुठीचा आकार वेगळा, वजन चढण्याची पद्धत वेगळी. घरी केलेल्या धनुष्याला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. नीट न वाळलेला चिवा पूर्ण ओढीत फुटला तर त्याची टोकदार चिरफळी चेहऱ्याशी असते.

औंधवासीताईंनी बाणांविषयी लिहिले ते प्रत्येक नवशिक्याने दोनदा वाचावे. त्याला एक जोड देतो: बाण फार हलकाही नको. पारंपरिक धनुष्यासाठी हातातल्या दर पाउंडाला आठ ते दहा ग्रेन हे बाणाचे वजन धरावे. २५ पाउंड असतील तर २०० ते २५० ग्रेन, म्हणजे १३ ते १६ ग्रॅम. याहून हलका बाण धनुष्याला रिकामी दोरी सोडल्यासारखाच त्रास देतो.

कर्वेनगरी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तीन रविवार गेले, म्हणून आता हिशेब देतो.

शरसंधान यांनी न पाहता केलेले भाकीत खरे ठरले. छायाचित्रात माझी हनुवटी कासवासारखी पुढे आलेली आहे आणि डावा खांदा कानाला टेकायला निघाला आहे. ते छायाचित्र घरात सर्वांनी पाहिले, हा त्यातला अनावश्यक भाग.

मित्राच्या ओळखीतून १८ पाउंडांचे शिकवणीचे धनुष्य मिळाले. बाणावर सुईच्या टोकाने खुणा करून त्यांत मुलीची लाल नेलपॉलिश भरली आणि खुणा वाचण्याचे काम तिच्याचकडे दिले. पहिल्या रविवारी वीस वेळा ओढले तेव्हा तिने २५¾ पासून २६¾ पर्यंत सगळे आकडे वाचले. मी वैतागलो, पण तिच्या लक्षात आले की ज्या वेळी माझे तर्जनीचे टोक ओठांच्या कोपऱ्यात नेमके टेकते त्या वेळी आकडा २६¼ असतो, आणि ज्या वेळी मी बोट गालावर कुठेतरी ठेवतो त्या वेळी तो भरकटतो. दुसऱ्या रविवारपासून केवळ अँकरकडे लक्ष दिले. वीसपैकी सोळा वेळा २६¼, उरलेल्या चार वेळा २६½. तिसऱ्या रविवारीही तेच. चाळीस पाउंडांवर जे २५ येत होते त्यापेक्षा हे सव्वा इंच जास्त आहे आणि अडीचच्या गणितापेक्षा पाऊण इंच कमी.

आता प्रश्न उरला लांबीचा आणि वजनाचा. माझ्या मते ६२ इंच, तीन भागांचे, लिम्ब बदलता येणारे. वजन मात्र २५ छापलेले घ्यावे की ३०, यावर अडलो आहे.

निवृत्त_अभियंता

माझ्या कोष्टकाप्रमाणे ३० पाउंडांचे धनुष्य २६¼ इंचांवर ११.८ किलो, म्हणजे २६ पाउंड देते. प्रौढ, निरोगी माणसाला हे जड नाही. २५ छापलेले घेतले तर हाती २१ च येतील आणि चार महिन्यांत पुन्हा लिम्ब घ्यावे लागतील. माझे मत ३० ला आहे.

शरसंधान

अभियंताकाकांच्या गणिताविषयी वाद नाही, वाद माणसाविषयी आहे. कर्वेनगरी यांचा खांदा तीन महिने चाळीस पाउंडांच्या धनुष्याखाली वाईट सवयी शिकला आहे आणि त्या तीन रविवारांत गेलेल्या नाहीत, हलक्या धनुष्याखाली फक्त झाकल्या गेल्या आहेत. २१ पाउंडांवर त्यांना शंभर बाण न आखडता मारता येतील. २६ वर सत्तराव्या बाणाला ती हनुवटी परत पुढे येईल. माझी कसोटी अशी आहे की पूर्ण ओढीत, अँकर लावून, न थरथरता दहा सेकंद धरता आले पाहिजे, आणि असे एका मिनिटाच्या विश्रांतीने पाच वेळा जमले पाहिजे. जे वजन यात उत्तीर्ण होते ते आपले. लिम्ब पुन्हा घ्यावे लागतील हे खरे, म्हणून तर सुटे भाग असलेले धनुष्य घ्यायचे. रायझर तोच राहतो.

सहा_फुटी

सुट्या लिम्बबद्दल एक सूचना. बोल्टने थेट बसणारे साधे टेकडाउन, म्हणजे सुटे होणारे धनुष्य, घेतले तर पुढचे लिम्ब त्याच जातीचे घ्यावे लागतात. आयएलएफ, म्हणजे लिम्ब जोडण्याच्या सामाईक प्रमाणित, बसवणीचे घेतले तर अनेक कंपन्यांचे लिम्ब चालतात आणि लांबीही बदलता येते: २१ इंची रायझरला शॉर्ट लिम्ब लावले की ६२, मीडियम लावले की ६४, लाँग लावले की ६६ इंच होतात. शिवाय बोल्ट फिरवून वजन थोडे कमी-जास्त करता येते. फक्त एक लक्षात ठेवा की आयएलएफ लिम्बवरचे वजन सहसा २५ इंची रायझर गृहीत धरून लिहिलेले असते, आणि रायझर आखूड घेतला की साधारण दर इंचाला एक पाउंड वाढतो. म्हणजे २१ इंचीवर "२४" चे २८ च्या आसपास होतात. मी हे विसरलो होतो. मी बरेच काही विसरलो होतो.

औंधवासी

कर्वेनगरी, आपण उजव्या हाताचे धनुष्य घेणार आहात असे गृहीत धरले आहे, पण आपला प्रमुख डोळा कोणता हे पाहिले आहे का? दोन्ही तळहातांनी छोटी खिडकी करून लांबची एखादी वस्तू पाहा आणि एकेक डोळा मिटून पाहा. ज्या डोळ्याने वस्तू खिडकीतच राहते तो प्रमुख. तो डावा निघाला तर सगळाच विचार पुन्हा करावा लागेल.

कर्वेनगरी

औंधवासीताई, पाहिले. सुदैवाने उजवाच आहे. मुलीचा मात्र डावा निघाला, आणि ती उजव्या हाताने लिहिते. तिचा विस्तार १४८ सेंटिमीटर आहे, म्हणजे अंदाजे ओढ सव्वातेवीस इंच. पण ती अजून वाढते आहे, म्हणून तिच्यासाठी विकत न घेता डाव्या हाताचे धनुष्य भाड्याने किंवा मागून आणीन.

दहा सेकंदांची कसोटी केली. अभियंताकाकांनी मोठ्या मनाने आपले ३० पाउंडांचे धनुष्य घरी बोलावून हातात दिले. पहिल्या तीन वेळा दहा सेकंद धरले, चौथ्या वेळी सातव्या सेकंदाला बाणाचे टोक नाचू लागले, आणि पाचव्या वेळी काकू आतून चहा घेऊन आल्या त्यांनीच सांगितले की तुमचा खांदा वर चालला आहे. काकांनी त्यावर काही न बोलता चहा घेतला.

६२ इंचांचे, २५ पाउंड छापलेले बोल्टचे टेकडाउन मागवले. आयएलएफचा मोह झाला होता, पण माझ्या ओढीला लांबी बदलण्याची गरज पडणार नाही आणि खर्चाचा फरक बाणांना व चांगल्या फिंगर टॅबला कामी आला. बाण ८०० स्पाइनचे, सहा, पिसांचे, न कापलेले घेतले आहेत. बाण थेट मुठीच्या खाचेवरून सुटणार असल्यामुळे प्लॅस्टिकची पाती नकोत असे दुकानात मी स्वतः सांगितले, तेव्हा तेथल्या गृहस्थांनी प्रथमच मला "साहेब" म्हटले.

शरसंधान

निवड योग्य आहे. दोरी चढवताना बो स्ट्रिंगरच वापरावा. पायात अडकवून चढवण्याची पद्धत चित्रपटात शोभते, पण त्याने लिम्ब पिळला जातो. ब्रेस हाइट, म्हणजे न ओढलेल्या दोरीचे मुठीपासूनचे अंतर, साडेसात ते सव्वाआठ इंचांच्या दरम्यान ठेवून, दोरीला पीळ देत-काढत, सर्वांत कमी आवाज कुठे होतो ते पाहावे. पावसाळ्यात शेतावरून आल्यावर लिम्ब कोरड्या फडक्याने पुसून दोरी उतरवून ठेवावी, आणि मे महिन्यात धनुष्य बंद गाडीत ठेवून मिसळ खायला जाऊ नये. उष्णतेने लिम्बचे थर सुटतात.

निवृत्त_अभियंता

धनुष्य आले की काट्यावरची वजने येथे द्यावीत. २६ आणि २७ इंचांवरची पुरेत.

कर्वेनगरी

काका, आज आले. खुंटीला दोरखंडाने बांधूनच मोजले. २६ इंचांवर ९.५ किलो, २७ वर १०.४, आणि २८ वर ११.४. छापील आकड्यापेक्षा अगदी थोडे जास्त आहे. २६¼ वर ९.७ किलो, म्हणजे माझ्या हाती २१ पाउंडांहून किंचित अधिक. दोरीला अकरा पीळ दिल्यावर ब्रेस हाइट पावणेआठ इंचांवर आली आहे. आवाज अजून थोडा आहे, म्हणून रविवारी आणखी दोन पीळ देऊन पाहतो.